ओसीडी : भावाला शंकेचा आजार आहे, घरच्यांनी नेमकं काय करायचं? (अनुभव आणि माहिती हवी)

अनुजा_जीबीरोड

सगळ्यांना नमस्कार. हा धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज काढतेच.

माझा धाकटा भाऊ आमच्याकडे कासारवडवलीला राहतो, नोकरी ऐरोलीला आयटीत. मागच्या महिन्यात सायकिअ‍ॅट्रिस्टनी त्याला ओसीडी (ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) आहे म्हणून सांगितलं. मला तोपर्यंत ओसीडी म्हणजे सारखे हात धुणं एवढंच माहीत होतं आणि हा तर आंघोळीचा टॉवेलसुद्धा पलंगावर फेकणारा मुलगा, त्यामुळे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सुरुवात गॅसपासून झाली होती. पाइप गॅसचा नॉब बंद आहे का, सेफ्टी डोअर लागलं का, गीझर बंद आहे का. लिफ्टने खाली जाऊन परत वर यायचा. मग मोबाइलमध्ये नॉबचे फोटो काढायला लागला, पण ऑफिसात फोटो बघताना वाटायचं हा आजचाच आहे ना, कालचा नसेल ना.

खरा त्रास स्कूटरवर सुरू झाला. घोडबंदर रोडची अवस्था तुम्हाला माहितीये, त्यात मेट्रोच्या कामाने रस्ता कुठे वर कुठे खाली. चाक खड्ड्यातून गेलं की त्याच्या मनात यायचं, हा खड्डा नसून माणूस असला तर? मग पातलीपाड्याहून वळून परत मागे, कोणी पडलंय का, रक्त दिसतंय का. पुढे निघाला की नवी शंका, मघाशी डिव्हायडरच्या बाजूला बघितलंच नाही. ऑफिसला पोचायला तिप्पट वेळ आणि पोचल्यावर मला फोन, "ताई, मी कोणाला उडवलं तर नसेल ना?" मी म्हणायचे नाही रे राजा, उडवलं असतं तर लोकांनी सोडलं असतं का तुला. दहा मिनिटं बरं वाटायचं, मग परत फोन. रात्री ठाण्यातल्या अपघातांच्या बातम्या शोधत बसायचा.

आता त्याने गाडी सोडलीये, बसने स्टेशन आणि तिथून ट्रान्स-हार्बरची लोकल. पण आता प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की वाटतं आपल्या हातून कोणाला धक्का बसला तर, म्हणून भिंतीला चिकटून उभा राहतो आणि दोन-तीन गाड्या सोडतो. गाडी सुटली, आजार नाही सुटला. आणि हा मुलगा झुरळ मारायलाही कचरतो हो.

औषध सुरू झालंय, थेरपीसाठी नाव लावलंय. मला विचारायचंय ते हे, की तो "ताई नाही ना?" म्हणून विचारतो तेव्हा काय बोलायचं? "नाही" म्हटलं तर पुन्हा विचारतो, गप्प बसले तर घामाघूम होतो. आणि ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी प्लीज लिहा.

वैदेही_पाचपाखाडी

अनुजा, वाचून पोटात कालवलं गं. आमच्याकडे मुलगा आहे, सहावीत. त्याचं वेगळंच आहे. अक्षर लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं, अगदी वहीच्या पानाला भोक पडेपर्यंत. आम्हाला वाटलं अभ्यासाचा कंटाळा, शाळेत वाटलं हळू लिहितो. त्याला विचारलं तर तो म्हणे चुकलेलं नाहीये आई, पण "बरोबर वाटत नाही". बुटाची एक लेस घट्ट वाटली की दुसरीपण तेवढीच घट्ट व्हायला हवी, सकाळी रिक्षावाले काका खाली हॉर्न देतायत आणि हा लेस सोडतोय बांधतोय. त्याला भीती कसली नसतेच, नुसतं आत काहीतरी अडल्यासारखं वाटतं. हेपण ओसीडीतच येतं असं आम्हाला कळलं तेव्हा आश्चर्यच वाटलं होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अर्धवट आहे, इथे क्षितिजा आहेत त्या नीट सांगतील.

क्षितिजा_बेलापूर

अनुजा, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, बेलापूरला काम करते. इथे कोणाचं निदान करणार नाही, पण आजार कसा चालतो ते सांगते कारण ते कळलं की घरच्यांनी काय करायचं हे बरंचसं आपोआप कळतं.

यात दोन गोष्टी असतात. एक, मनात नको असताना घुसणारा विचार, चित्र किंवा ऊर्मी, ज्याने जीव घाबरा होतो, किळस येते किंवा वैदेही म्हणाली तसं अडकल्यासारखं वाटतं. हे ऑब्सेशन. दोन, ती घालमेल शमवायला केलेली कृती, म्हणजे कम्पल्शन. धुणं, तपासणं, मोजणं, मांडणं, माफी मागणं, परत रस्ता बघून येणं. आणि "ताई नाही ना?" हा फोनसुद्धा कम्पल्शनच, फक्त ते करायला दोन माणसं लागतात.

कम्पल्शनने आराम पडतो हे खरं आहे, म्हणूनच तर ते सुटत नाही. गजकर्ण खाजवल्यावर क्षणभर बरं वाटतं आणि चट्टा पसरतो, तसं आहे हे. प्रत्येक वेळी मागे वळून बघितलं की मेंदू एवढंच शिकतो की धोका खरा होता आणि बघितलं म्हणून वाचलो. पुढच्या खड्ड्याला शंका आणखी जोरात.

प्रकार म्हणाल तर स्वच्छता आणि संसर्गाची भीती सगळ्यांना दिसते. तपासणं हाही मोठा प्रकार, भावाचं रस्त्यावरचं त्यातलंच, गाडीने कोणाला उडवलं असेल ही शंका इतक्यांना असते की अजिबात दुर्मीळ म्हणता येणार नाही. समानता, मांडणी आणि "बरोबर वाटेपर्यंत" हा वैदेहीच्या मुलाचा. चौथा गट सगळ्यात कमी बोलला जाणारा, मनात येणारे हिंसेचे, लैंगिक किंवा देवाधर्माबद्दलचे नकोसे विचार. काहींना आपल्या नात्याबद्दलच सतत शंका, माझं हिच्यावर खरंच प्रेम आहे का, आणि दिवसभर स्वतःच्या भावना तपासत बसणं. एकाच माणसात दोन-तीन प्रकार असतात आणि वर्षांनुवर्षांत बदलतातही, स्कूटरवरून प्लॅटफॉर्मवर आलं तसे. विषय बदलतो, यंत्रणा तीच राहते. २०१३ साली डीएसएम-५, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक, आलं तेव्हा ओसीडीला अँग्झायटीच्या गटातून काढून स्वतःचा वेगळा गट दिला, त्यात वस्तू साठवत राहणं, केस उपटणं, कातडी ओरबाडणं हे शेजारी म्हणून आहेत, पण ते वेगळे आजार.

आणि कपाट नीट लावायची आवड म्हणजे ओसीडी नव्हे. टापटिपीची आवड असणाऱ्याला त्यात समाधान मिळतं. ओसीडीवाल्याला आपण करतोय ते जास्तीचं आहे हे बहुतेक वेळा कळत असतं, नको असतं, तरी थांबवता येत नाही. रोजचा तासाभराहून जास्त वेळ यात जात असेल किंवा नोकरी, अभ्यास, घर अडत असेल तर तपासून घ्यावं हा साधारण निकष. तीव्रता मोजायला १९८९ पासून वाय-बॉक्स नावाची प्रश्नावली वापरतात, १० प्रश्न, ० ते ४० गुण. पहिल्या भेटीत ती करून घ्या, तीन महिन्यांनी फरक पडला की नाही हे आकड्यात दिसतं.

फोनवर काय बोलायचं ते वेगळं लिहिते, क्लायंट आलेत.

रोहन_२१

आयडी नवीन आहे माझा, फक्त यासाठी काढला. वाशीला असतो. तो चौथा गट लिहिलाय त्याबद्दल विचारायचंय. मी काहीच करत नाही, म्हणजे हात धुवत नाही, कुलूप बघत नाही. फक्त विचार येतात. कसले ते इथे लिहू शकत नाही, घरच्या माणसांबद्दल आहेत, घाणेरडे. मग मी दिवसभर स्वतःला तपासतो की मला हे आवडलं का, मी तसा माणूस आहे का. मनात एक वाक्य उलट म्हणतो, ते बरोबर म्हटलं गेलं नाही तर परत. बहिणीच्या लहान मुलीला उचलून घेणं बंद केलंय. कृती काही नाही तर मग हा ओसीडी कसा? का मी खरंच वाईट आहे? मी कोणाला सांगितलं तर ते पोलिसांकडे जातील का?

क्षितिजा_बेलापूर

रोहन, बरं केलंस लिहिलंस.

तू म्हणतोस कृती काही नाही, पण तुझ्याच पोस्टमध्ये तीन-चार आहेत. स्वतःला तपासणं, मनात वाक्य उलट म्हणणं, चुकलं की परत म्हणणं, भाचीला न उचलणं. कम्पल्शन मनातल्या मनात चाललं तरी ते कम्पल्शनच, बाहेरून कोणाला दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षं निदान होत नाही.

विचारांबद्दल. १९७८ साली रॅचमन आणि डी सिल्व्हा यांनी ओसीडी नसलेल्या साध्यासुध्या लोकांना विचारलं तर बहुतेकांनी सांगितलं की त्यांच्याही मनात असले भलतेसलते विचार येऊन जातात, आणि विषय रुग्णांच्या विचारांसारखेच. फरक पुढे पडतो. बाकीच्यांच्या मनातून तो विचार निघून जातो. ओसीडीत माणूस त्याला पकडून विचारतो, हा मला आलाच का, याचा अर्थ काय. शिवाय तो आजार तुमच्या सगळ्यात नाजूक जागेवर बोट ठेवतो, देवभोळ्या माणसाला देवाबद्दल, आईला बाळाबद्दल.

आणि विचार दाबून टाकायचा प्रयत्न करू नकोस. १९८७ साली डॅनियल वेग्नर यांनी लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या.

पोलिसांबद्दल विचारलंस. ओसीडी ओळखणाऱ्या डॉक्टरला हे विचार नवीन नसतात, रोजचं काम आहे. नकोसा विचार येणं हा गुन्हा नाही. "माझ्या मनात मला नको असलेले विचार येतात आणि मी ते दिवसभर तपासत बसतो" एवढ्या वाक्याने सुरुवात कर, तपशील पहिल्याच दिवशी द्यायची सक्ती नसते.

"मी वाईट आहे का" याचं उत्तर मात्र मी मुद्दाम देत नाहीये. आज मी दिलं तर रात्री परत विचारशील. हे तुझ्या थेरपिस्टबरोबर बसून कळेल की तो प्रश्न अनुत्तरित ठेवून जगता येतं. जीव नकोसा वाटायला लागला तर मात्र थांबू नकोस, टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

नेरूळची_मीनल

रोहन, मी तुझ्या जागी होते म्हणून लिहितेय.

मुलगी झाली तेव्हा आम्ही चौदाव्या मजल्यावर राहायचो. बाळाला घेऊन बाल्कनीत गेले की डोळ्यासमोर चित्र यायचं की मी तिला खाली टाकतेय. बाळ मला किती हवं होतं ते माझं मला माहीत. मी बाल्कनीचं दार कायमचं बंद केलं, सुऱ्या वरच्या कपाटात, आंघोळ सासूबाईंनी घालायची, एकटं राहायचं नाही. घरात सगळ्यांना वाटायचं किती काळजी घेते. कोणाला सांगायची सोय नव्हती, सांगितलं तर बाळ काढून घेतील असंच वाटायचं. पहिल्या डॉक्टरांनी टेन्शन आहे म्हणून झोपेची गोळी दिली, त्यांना मी चित्राचं सांगितलंच नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नाही.

नंतर ज्या मॅडम भेटल्या त्यांनी सरळ विचारलं, बाळाला इजा करण्याचे विचार येतात का, आणि ते आले की तुम्हाला भीती वाटते का. त्या एका प्रश्नाने मी रडले. बाळंतपणाच्या आसपास ओसीडी सुरू होणं किंवा वाढणं हे माहीत असलेलं आहे असं त्यांनी समजावलं. आणि बाळंतपणानंतरचा दुसरा एक आजार असतो, त्यात आईला भास होतात, तिला ते विचार खरे आणि बरोबर वाटतात, ती इमर्जन्सी असते, लगेच हॉस्पिटल. हा फरक डॉक्टरनेच करायचा, नेटवर वाचून आपण नाही.

थेरपीत शेवटी मी तिला कडेवर घेऊन त्याच बाल्कनीत उभी राहिले, चित्र येत होतं तरी. सुरुवात अर्थात तिथून नव्हती, आधी बंद दारापाशी नुसतं बसायचं. मुलगी आता शाळेत जाते. चित्र अजून कधीतरी येतं, येतं आणि जातं.

प्रसन्न_के

सगळ्यांच्या त्रासाबद्दल आदर ठेवून एक वेगळं मत. या गोळ्या एकदा लागल्या की आयुष्यभर सुटत नाहीत, मेंदू सुन्न करतात. आमच्या नात्यात एकांना बघितलंय. त्यापेक्षा विपश्यना, प्राणायाम, नामस्मरण, मन दुसरीकडे गुंतवणं याने मूळ कारण जातं. शेवटी मनाचा आजार आहे, मनानेच बरा होणार.

संदेश_ऐरोली

प्रसन्न, मी स्वतः गोळ्या घेणारा माणूस आहे म्हणून उत्तर देतो. मला संसर्गाचा ओसीडी, कॉलेजपासून. बाहेरून आलं की आंघोळ, नोटा धुवायच्या, सोसायटीचं पाणी सकाळी ठरावीक वेळ यायचं तर टाकी मीच संपवायचो आणि आई खालून बादल्या आणायची. हात कोपरापर्यंत सोलवटलेले असायचे.

ओसीडीला ज्या गोळ्या देतात त्या एसएसआरआय (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या) गटातल्या, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन, एस्सिटॅलोप्राम वगैरे. यांची नशा होत नाही, डोस चढवत न्यायची ओढ लागत नाही. एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड होते म्हणून हळूहळू उतरवतात, बस. व्यसन लागतं ते झोपेच्या आणि अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचं, आणि त्यांचा ओसीडीवर उपयोगही नाही. लोक दोन्ही एकच समजतात आणि घाबरतात.

दुसरं, या गोळ्यांचा ओसीडीवरचा हिशोब डिप्रेशनपेक्षा वेगळा आहे. डोस बहुतेकदा जास्त लागतो आणि वेळही जास्त, ८ ते १२ आठवडे. मी पहिल्यांदा तीन आठवड्यांत काही होत नाही म्हणून सोडल्या असत्या, डॉक्टरांनी आधीच तारीख सांगून ठेवली होती म्हणून टिकलो. सुरुवातीला मळमळ, झोपेची गडबड, थोडी घालमेल वाढते. लैंगिक इच्छेवर परिणाम होतो, हे डॉक्टरला सांगायला लाजू नका, त्यावर उपाय असतात. एका गोळीने जमलं नाही तर दुसरी. मला पहिली लागू पडली नाही. क्लोमिप्रामिन जुनं औषध आहे, अमेरिकेत ओसीडीसाठी मंजुरी मिळालेलं पहिलं, १९८९ मध्ये, पण त्याचे साइड इफेक्ट जास्त म्हणून सहसा नंतर देतात आणि ईसीजी बघतात. बरं वाटल्यावरही किमान वर्ष-दोन वर्षं चालू ठेवायला सांगतात कारण लवकर बंद केलं की परत येण्याचं प्रमाण बरंच. सगळ्यांनाच पूर्ण गुण येतो असंही नाही, निम्म्याच्या आसपास लोकांना पहिल्या औषधाने चांगला फरक पडतो. काही कंपन्यांच्या मेडिक्लेममध्ये पूर्वी मानसिक आजार सरळ वगळलेले असायचे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलंय, तेवढं पॉलिसीत बघून घ्या.

मी विपश्यनेच्या विरोधात नाही. पण माझं "मन दुसरीकडे गुंतवणं" म्हणजे एक नवीन धुणं झालं होतं, विचार आला की लगेच श्वास मोजायचा, मोजणं चुकलं की परत.

क्षितिजा_बेलापूर

संदेश, शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. प्राणायाम चांगला आहे, झोप सुधारते, पण तो विचार पळवायला वापरला की त्याचं कम्पल्शन व्हायला वेळ लागत नाही.

प्रसन्न, मनाचा की मेंदूचा यावर. १९९२ साली बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना फ्लुओक्सेटिन दिलं, काहींना नुसती बिहेवियर थेरपी. ज्यांना गुण आला त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन (कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारे) बघितले तर कॉडेट नावाच्या भागाचं वाढलेलं काम दोन्ही गटांत कमी झालेलं होतं. म्हणजे गोळीने जे होतं ते वागणं बदलूनही होतं. दोघांत भांडण लावायची गरज नाही. लहान मुलांसाठी तर हे आणखी स्पष्ट आहे, वैदेही तुमच्यासाठी लिहितेय, २००४ साली ७ ते १७ वयाच्या ११२ मुलांवर अमेरिकेत अभ्यास झाला. थेरपी आणि सर्ट्रालिन दोन्ही मिळालेल्यांपैकी निम्म्याहून थोडी जास्त मुलं जवळपास लक्षणमुक्त झाली, नुसत्या थेरपीत साधारण ३९ टक्के, नुसत्या औषधात २१, खोट्या गोळीवर ४ सुद्धा नाही. सौम्य असेल तर मुलांत आधी थेरपीच करतात.

आता थेरपी म्हणजे कुठलीही नाही. तासभर बसून बालपणाबद्दल बोलणं, किंवा "असं काही होणार नाही हो" म्हणून समजूत घालणं, याने ओसीडी हलत नाही, समजूत घातल्याने तर वाढतो. जी लागते ती ईआरपी, म्हणजे भीतीच्या गोष्टीला ठरवून सामोरं जायचं आणि त्यानंतरचं कम्पल्शन करायचं नाही. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर हे पहिल्यांदा करून दाखवलं, त्याआधी हा आजार बरा न होणाराच मानायचे. आधी भीतीची उतरंड लावतात, ० ते १०० मध्ये कुठली गोष्ट किती. अनुजा, तुमच्या भावाचं उदाहरण घेतलं तर २० वर कदाचित बंद स्कूटरवर बसणं, ४० वर सोसायटीतल्या स्पीडब्रेकरवरून जाऊन मागे न बघणं, पुढे सर्व्हिस रोड, आणि खूप वर घोडबंदरला रात्री पावसात. मागे वळायचं नाही, आरशात बघायचं नाही, बातम्या शोधायच्या नाहीत. आणि मनात "बहुतेक काही झालं नसेल" असंही घोकायचं नाही, त्याऐवजी "झालं असेलही, नसेलही" एवढ्यावर सोडून द्यायचं. हे वाक्य ऐकायला क्रूर वाटतं, पण सगळं इथेच आहे. ओसीडीला शंभर टक्के खात्री हवी असते आणि ती कोणाकडेच नसते, तुमच्या-माझ्याकडेही नाही, आपण त्याशिवाय गाडी चालवतो. भीती पूर्ण जायलाच हवी असंही नाही, भीती असताना ऑफिसला पोचता येतं हे मेंदूला अनुभवाने कळायला हवं.

यात फसवून, जबरदस्तीने काही करायचं नसतं. नळ बंद करणं, कुलूप लपवणं असले घरगुती प्रयोग करू नका. हो म्हणणारा तोच असायला हवा.

आता फोन. एकदम एका दिवसात "आजपासून उत्तर नाही" असं करू नका. तो शांत असेल अशा वेळी, रविवारी दुपारी वगैरे, त्याच्याबरोबर बसून ठरवा की प्रश्न आल्यावर तुम्ही कोणतं वाक्य म्हणायचं. वाक्य त्यानेच निवडू दे. "हा ओसीडीचा फोन आहे का तुझा?" किंवा "तुला किती त्रास होतोय ते कळतंय, पण याचं उत्तर मी देणार नाही असं आपण ठरवलंय, हे जाईपर्यंत मी लाइनवर आहे". सोबत द्यायची, खात्री द्यायची नाही. पहिले काही दिवस त्याची चिडचिड वाढेल, तुमची कसोटी तिथे. आणि दिवसाला दहा फोन असतील तर आधी सहावर आणा. घरात एकाने उत्तर द्यायचं आणि एकाने नाही, असं चालत नाही, भाऊजींनाही सांगा.

सुहास_नौपाडा

सर्वांचे प्रतिसाद दोन वेळा वाचले. माझे वय ७१. आमच्या पिढीत याला मंत्रचळ म्हणत आणि विषय संपे. माझी आई दिवसातून कितीदा तरी नेसते लुगडे बदलून सोवळ्यात येई, कोणी हटकले नाही, उलट कडक सोवळ्याची म्हणून मान होता. तिचे हात कायम थंडगार आणि पांढरे पडलेले असत. आज वाटते की ती आतून किती पिचलेली असेल.

माझ्यापुरते सांगतो. मी रोज जप करतो. गेली काही वर्षे एक अक्षर चुकले असे वाटले की माळ पहिल्यापासून. मध्येच देवाबद्दल अभद्र शब्द मनात येतो, मग क्षमा, मग परत पहिल्यापासून. पूर्वी अर्ध्या तासात उठायचो, आता दुपार होते. कोपिनेश्वराच्या दर्शनाला जाणे बंद केले आहे, गाभाऱ्यासमोर तो शब्द आला तर काय. सौ.ला वाटते वयानुसार भक्ती वाढली. क्षितिजाताई, हा भक्तीचा भाग की आजाराचा? उपचार घ्यायचे म्हणजे जप सोडायचा का? तसे असेल तर मला जमणार नाही.

आणि दुसरे, "याला ठाण्याला पाठवा" हा टोमणा लहानपणापासून कानावर. ठाण्यातच आयुष्य गेले तरी त्या मनोरुग्णांच्या हॉस्पिटलच्या गेटकडे बघायला नको वाटते.

नेरूळची_मीनल

काका, मनापासून नमस्कार. तुम्ही या वयात हे लिहिलंत यासाठी.

अनुजा_जीबीरोड

काका, तुम्ही लिहिलंत त्यामुळे मला भावाचं वेगळं दिसलं. त्याला सगळे म्हणायचे किती जबाबदार मुलगा आहे, तसंच.

क्षितिजा, रविवारी बसलो आम्ही. त्याने वाक्य निवडलं, "ताई, तू फक्त म्हण की हा तोच फोन आहे". काल संध्याकाळी ऐरोली स्टेशनवरून फोन आला, मी म्हटलं हा तोच फोन आहे. दोन मिनिटं नुसता श्वास ऐकू येत होता आणि मग म्हणाला ठेवतो, गाडी आली. रात्री एकदा परत विचारलंन, नवऱ्याने पण तेच वाक्य म्हटलं, तेव्हा उठून आत गेला आणि दार आपटलं. वाईट वाटलं खूप, पण आम्ही उत्तर दिलं नाही.

ठाण्यात ईआरपी करणारं कोण कसं शोधायचं? ज्यांच्याकडे नाव लावलंय त्यांची वेटिंग लिस्ट लांब आहे.

क्षितिजा_बेलापूर

अनुजा, दार आपटणं अपेक्षित आहे, त्याच्यावर नंतर चर्चा करत बसू नका, सकाळी नेहमीसारखा चहा द्या.

थेरपिस्टला फोनवरच तीन गोष्टी विचारा. ओसीडीचे पेशंट नियमित बघता का? ईआरपी करता का, आणि सेशनमध्ये प्रत्यक्ष एक्स्पोजर करता की नुसती चर्चा? दोन सेशनच्या मध्ये घरी करायचा अभ्यास देता का? "आम्ही रिलॅक्सेशन शिकवतो" एवढंच उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा. ठाण्यात आयपीएच आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था, तिथे चौकशी करा. औषधं आणि थेरपी दोन्ही नीट करूनही ज्यांना फरक पडत नाही त्यांच्यासाठी बंगळुरूला निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत ओसीडीचं वेगळं क्लिनिक आहे, पण तुम्ही त्या टप्प्यावर अजिबात नाही.

काका, जप सोडायचा नाही. देवावरची श्रद्धा हा उपचाराचा विषयच नाही. जपाने पूर्वी तुम्हाला शांत वाटायचं आणि आता तो संपेपर्यंत सुटका नाही असं वाटतं, यातला जो फरक आहे तेवढ्यावर काम होतं. थेरपीत बहुधा असं ठरेल की माळ एकदाच, अक्षर चुकलं वाटलं तरी पुढे जायचं, अभद्र शब्द आला तर तो येऊ द्यायचा आणि क्षमा न मागता पुढचा मणी. ज्या गुरुजींना तुम्ही मानता त्यांना एकदाच विचारून घ्या की सर्वसाधारण माणसाने जप किती आणि कसा करावा, आणि ते उत्तर थेरपिस्टला सांगा, म्हणजे धर्मात बसतं का ही शंका तिथेच मिटते. पण एकदाच विचारायचं, पुन्हा पुन्हा नाही, नाहीतर तेही फोनसारखंच होईल.

हॉस्पिटलच्या गेटचं म्हणाल तर प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि तिथे ओपीडी चालते, येणारे कितीतरी जण तपासून, औषध घेऊन घरी जातात. तरी मन धजत नसेल तर कुठल्याही जनरल हॉस्पिटलच्या सायकिअ‍ॅट्री ओपीडीत किंवा खाजगी डॉक्टरकडे जा, सुरुवात कुठूनही झाली तरी चालेल. तुमच्या वयात बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सगळ्या सोबत न्या, एसएसआरआयबरोबर काहींचा मेळ बघावा लागतो आणि सोडियमही तपासतात. काकूंना बरोबर घेऊन जा, त्यांना अजून भक्तीच वाटतेय ना.

सुहास_नौपाडा

सौ.ला आज दुपारी हा धागा वाचायला दिला. तिने नंबर लावायला मुलाला फोन केला आहे. गोळ्यांची यादी करतो.

रोहन_२१

काका, मीपण शुक्रवारची अपॉइंटमेंट घेतलीये, वाशीला. ते पहिलं वाक्य मोबाइलमध्ये लिहून ठेवलंय.